घरच्या माणसाचं नाव

आमच्या घरात संस्थेची टाचणीसुद्धा कधी आली नाही. बाबा लखनौच्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते, औषधी वनस्पतींवर काम करायचे, आणि त्यांच्या खिशाला नेहमी दोन पेनं असायची, एक सरकारी आणि एक घरचं. किराण्याची यादी करताना चुकून सरकारी पेन हातात आलं तर चटका बसल्यासारखं ते खाली ठेवत. आईला टायफॉइड झाला होता तेव्हा संस्थेची जीप आमच्या दारावरूनच चालली होती. ड्रायव्हरने स्वतःहून थांबून विचारलं, ‘‘साहब, भाभीजी को छोड़ दें अस्पताल?’’ बाबांनी हात जोडून नको म्हटलं आणि सायकलरिक्षा बोलावली. अलीगंजच्या खड्ड्यांतून तापाने फणफणलेली आई माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती आणि बाबा शेजारून स्कूटर अगदी हळू चालवत येत होते. ही गोष्ट पुढे ते पाहुण्यांना सांगत, आणि सांगताना त्यांचा आवाज जरा भरून येई. आई त्या वेळी हटकून स्वयंपाकघरात असायची. मला मात्र ती गोष्ट फार आवडायची. आपला बाप चारचौघांच्या बापांपेक्षा उंच आहे, असं मला कॉलेज संपत येईपर्यंत वाटत होतं. आता पंचेचाळिशी ओलांडल्यावर लिहायला बसले आहे तर स्पष्टच लिहिते, त्या उंचीची किंमत घरातल्या बायका भरत होत्या, आणि त्यातली माझ्या वाटणीची मी कशी भरली ते सांगण्यासाठीच हे प्रकरण आहे.

आम्ही मूळचे अकोल्याकडचे खोडके. बाबांना नोकरी लागली म्हणून लखनौला आलो आणि अलीगंजमध्ये एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहिलो. खाली घरमालकीण वर्मा आंटी. त्यांचा कूलर सुरू झाला की आमच्या फरशीला बारीक थरथर जाणवायची, आणि त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या आमच्या स्वयंपाकघरात इतक्या साफ ऐकू यायच्या की आई त्यावर आमची डाळ उतरवायची. ज्वारीचं पीठ अकोल्याहून कुणी येणार असेल तरच मिळायचं, नाहीतर बाजरीवर भागवायचं. गोळाभात मात्र आईने कधी सोडला नाही. डाळीचे वाटलेले गोळे भातात शिजवून वर लसणाची फोडणी घातली की वर्मा आंटी जिन्यातून हाक मारायच्या, ‘‘खोडके भाभी, आज फिर वही बनाया है क्या?’’ आणि आई एक वाटी खाली पाठवायची. घरात मराठीच बोलायचं असा बाबांचा दंडक होता. मी अर्धं वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवायचे आणि ते पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, ‘‘पुन्हा म्हण.’’ मी पुन्हा म्हणायचे.

विवेक आमच्या घरी यायला लागला तेव्हा मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. तो बाबांचा पीएच.डी.चा विद्यार्थी. सडपातळ, नम्र, आईला ‘आंटी’ म्हणून वाकून नमस्कार करणारा, आणि तिचे शेंगदाणे घातलेले पोहे पाहून ‘‘ये हमारे चूड़ा-मटर से अच्छा है’’ असं दरवेळी मनापासून सांगणारा. बाबांचं काम तेव्हा अडुळशावर चाललं होतं. अडुळशाच्या पानांमधल्या जनुकांचे हजारो तुकडे त्यांच्या प्रयोगशाळेने वाचून काढले होते, आणि त्यातला प्रत्येक तुकडा काय काम करतो ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ते कळायचा मार्ग एकच होता. परदेशातल्या एका मोठ्या संस्थेने जगभरातल्या जनुकांचं भांडार इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुलं ठेवलं होतं. आपला तुकडा त्यांच्या पानावर चिकटवायचा, बटण दाबायचं, वाट पाहायची, आणि याच्यासारखं दुसरीकडे कुठे काही सापडलंय का ते उत्तर उतरवून घ्यायचं. मग पुढचा तुकडा. विवेक महिनोन्‌महिने दिवसभर तेच करत होता. त्याचे डोळे लाल झालेले असत. ‘‘सर, ऐसे तो मेरी थीसिस बुढ़ापे में पूरी होगी,’’ असं तो एकदा हसत म्हणाला. बाबा हसले नाहीत. त्यांचीही बढती त्याच कामावर अडकली होती.

मी तेव्हा कपूरथला चौकातल्या एका क्लासमध्ये पर्ल शिकत होते. कॉम्प्युटरकडून छोटी छोटी कामं झटपट करून घेण्यासाठी वापरतात तसली ही भाषा. क्लासमध्ये आम्हाला त्यात पगाराच्या पावत्या छापायला शिकवत. मला त्याचा कंटाळा आला होता. विवेकचं रडगाणं ऐकून मी त्या परदेशी संस्थेच्या सूचना वाचायला घेतल्या आणि पाहते तर काय, माणसाने पानावर बसून बटणं दाबावीत अशी त्यांची काही सक्ती नव्हतीच. प्रोग्रामनेही प्रश्न पाठवता येत होता. इंटरनेटवरचा एक पत्ता तयार करायचा, त्याच्या शेपटीला आपला प्रश्न जोडायचा आणि धाडून द्यायचा. लगेच उत्तर येत नसे, एक टोकन येई. मग थोडं थांबून ते टोकन दाखवायचं आणि विचारायचं, झालं का? कपूरथला चौकातल्या टेलरमास्टरकडे ब्लाउज टाकावा, अगदी तसं. झालं असेल तर खुणा घातलेला लांबलचक मजकूर हातात पडे, त्यातली आपल्याला हवी तेवढी माहिती वेचून एका ओळीत लिहायची, की लागला पुढचा तुकडा. सूचनांमध्ये दोन अटी ठळकपणे दिल्या होत्या. दोन प्रश्नांच्या मध्ये थांबा, आमच्या दारात गर्दी करू नका. आणि प्रत्येक प्रश्नासोबत तुमचा ई-मेल पत्ता द्या, म्हणजे काही बिघडलं तर आम्ही तुम्हाला कळवू शकू. मला ही रीत फार सभ्य वाटली. मी थांबण्याची ओळ लिहिली, तिच्याखाली माझा ई-मेल पत्ता घातला आणि सगळ्यात वर माझं नाव लिहिलं. आज मी नोयडात पलीकडच्या बाजूला बसते, लोकांचे प्रोग्राम ज्या दारावर धडका देतात त्या दाराची राखण करण्याचा पगार घेते. कुणी फारच घाई करू लागला की मी आधी त्याने दिलेला पत्ता शोधते. तो पत्ता खऱ्या माणसाचा असतो, हे मी माझ्या टीममधल्या पोरांना सारखी बजावत असते, आणि त्यांना कळत नाही मॅडम एवढ्या का चिडतात.

मोठी कामं त्यांच्या रात्रीच्या वेळात करा, अशीही त्यांची विनंती होती. त्यांची रात्र म्हणजे आपली सकाळ. त्यामुळे माझं राज्य सकाळी चहापासून दुपारच्या जेवणापर्यंत चाले आणि तेवढा वेळ घरचा फोन इंटरनेटला जोडलेला राही. अकोल्याची मावशी फोन लावून लावून थकायची आणि आईला पत्रातून टोमणे मारायची. मधेच लाइट जाई, मी कपाळाला हात लावे, पुन्हा सुरू करी. मग मी शहाणी झाले आणि कुठवर आलो ते प्रोग्रामनेच लक्षात ठेवावं अशी सोय केली. पहिल्या दिवशी पडद्यावर ओळीमागून ओळ आपोआप उमटायला लागली तेव्हा मी आईला ओढत आणलं. तिच्या हाताला कणीक होती. ‘‘हे कोण लिहितंय?’’ तिने विचारलं. ‘‘मी नाही लिहीत आहे आई, वही तो बात है!’’ ती थोडा वेळ उभी राहिली, तिला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण माझ्या तोंडाकडे बघून ती हसायला लागली. इतका निखळ आनंद मला नंतर कुठल्याच नोकरीत झाला नाही.

संध्याकाळी बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून सगळ्या ओळी पाहिल्या, पाच-सहा उत्तरं स्वतः तपासून घेतली आणि म्हणाले, ‘‘हं.’’ आमच्या घरात यापेक्षा मोठी शाबासकी नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो प्रोग्राम सीडीवर घालून मागून घेतला आणि संस्थेत नेला. संस्थेची टाचणी घरी न आणणाऱ्या माणसाला घरची वस्तू संस्थेत न्यायला काही वाटलं नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. पुढचं काम विवेकने तिकडूनच चालवलं. अडलं की तो यायचा आणि मी त्याला समजावून द्यायचे, ही ओळ काय करते, ती ओळ का ठेवली. तो वहीत उतरवून घेई आणि पोहे खाऊन जाई.

त्या कामावरचा शोधनिबंध, म्हणजे पेपर, लिहून झाला तेव्हा त्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते मला आईकडून कळलं. बाबा, विवेक, आणि प्रयोगशाळेतला आणखी एक जण. माझं नव्हतं. मी काही बोलले नाही, आई बोलली. जेवणं चालली होती. ‘‘अहो, पोरीने सगळं केलं म्हणता, मग तिचं नाव?’’ बाबांनी घास खाली ठेवला. ‘‘लोक काय म्हणतील? खोडके आणि खोडके. या शहरात दुसरे खोडके आहेत का? मुलीला घुसवली म्हणतील.’’ हे मात्र खरं होतं. विवेक श्रीवास्तव, आणि तो तिसराही श्रीवास्तवच. त्यांचं एकमेकांशी काही नातं आहे का, हे कुणी विचारलं नसतं, कारण लखनौत दर गल्लीत श्रीवास्तव आहेत. आम्ही अकोल्यात राहिलो असतो तर चाललं असतं, तिथे खोडके पुष्कळ. आमचं आडनाव इथे एकुलतं एक होतं, तेवढ्यासाठी मला ते पेपरवर लावता येत नव्हतं.

आणि मला ते हवं होतं. फुशारकीसाठी नाही. पुण्यात तेव्हा जीवशास्त्र आणि कॉम्प्युटर एकत्र शिकवणारा नवा अभ्यासक्रम निघाला होता. जागा थोड्या, मुलाखत कडक, आणि आधी काही काम केलेलं असेल तर दाखवा असं त्यांनी छापलंच होतं. माझ्याकडे दाखवायला तेवढं एकच होतं. पेपर स्वीकारला गेल्याचं कळलं तेव्हा आई पुन्हा बोलली, बाबा पुन्हा तेच म्हणाले. पण शेवटची प्रूफं यायची होती आणि प्रूफांमध्ये नाव वाढवता येतं हे विवेककडून आईने काढून घेतलं होतं. ती हार मानणारी नव्हती. भाजी निवडता निवडता, कपडे वाळत घालता घालता, ती बाबांच्या मागे लागलेली असे. ‘‘एक ओळ लिहायला तुमचं काय जातं?’’ बाबा नुसते वर्तमानपत्र उलटायचे. ते ‘नाही’ म्हणत नव्हते, त्यावर आम्ही दोघी आशा लावून होतो.

एका सकाळी चहा पिताना बाबा म्हणाले, ‘‘रूपा, आज दुपारी संस्थेत ये. डायरेक्टरसाहेबांना तुला भेटायचंय. प्रोग्रामची तुझी मूळ प्रत बरोबर आण.’’ आईच्या हातातली गाळणी थांबली. ‘‘प्रूफं आली का?’’ ‘‘आलीत,’’ बाबा म्हणाले आणि उठून स्कूटरला किक मारायला गेले. ऑफिसच्या गोष्टी घरात आणायच्या नाहीत हा त्यांचा आणखी एक नियम होता, त्यामुळे पुढे विचारण्यात अर्थ नव्हता. आईने माझा मोतिया रंगाचा चिकनचा कुर्ता स्वतः इस्त्री केला. निघताना हातावर दही घातलं. मला हसू आलं, पण मी ते चाटून घेतलं. आमचा फोन दोन-तीन आठवडे बंद होता, रस्ता खोदणाऱ्यांनी कुठेतरी केबल तोडली होती. मी बरेच दिवस ई-मेल पाहिली नव्हती.

डायरेक्टरसाहेबांच्या खोलीत एसीचा गारवा होता. आत चौघे होते: साहेब, कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख, बाबा आणि विवेक. विवेकने माझ्याकडे पाहिलं नाही. बाबा उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘सर, ये मेरी बेटी है, रूपाली। प्रोग्राम इसी का लिखा हुआ है।’’ हे वाक्य मी कित्येक महिने मनात घोकलं होतं, याच शब्दांत. माझे कान तापले. मी नमस्कार केला. मग विभागप्रमुखांनी माझ्यापुढे एक कागद सरकवला. परदेशी संस्थेने आपली सगळी दारं आमच्या संस्थेला बंद केली होती. फार प्रश्न फार वेगाने येत आहेत, दिलेल्या पत्त्यावर आम्ही वारंवार कळवलं, उत्तर नाही, असं त्यात लिहिलं होतं. दिलेला पत्ता माझा होता. प्रयोगशाळा एकूणएक अडून बसल्या होत्या, इतर शास्त्रज्ञ चिडले होते आणि पत्त्यातल्या ‘खोडके’वरून चौकशी बाबांपर्यंत आली होती.

‘‘सर, मैंने हर सवाल के बाद रुकना रखा था,’’ मी म्हणाले. ‘‘हाँ तो बेटा, रुका क्यों नहीं?’’ साहेबांनी विचारलं, रागाने नाही. प्रमुखांनी विवेकच्या मशीनवरचा प्रोग्राम साहेबांच्या पडद्यावर उघडला. थांबण्याची माझी ओळ तिथेच होती. तिच्या आधी कुणीतरी एक छोटी खूण टाकली होती. ती खूण टाकली की कॉम्प्युटर ती ओळ वाचतच नाही, वगळून पुढे जातो. सगळ्यात वर, जिथे माझं नाव होतं, तिथे विवेकचं होतं. पत्ता तेवढा त्याने बदलला नव्हता. मी माझी मूळ प्रत शेजारी उघडून दाखवली. विवेक शेवटी पुटपुटला, ‘‘सर, प्रूफ़ लौटाने से पहले जर्नल वालों ने पूरा दोबारा जाँचने को कहा था... टाइम नहीं था... चार-पाँच मशीनों पर एक साथ लगा दिया था।’’

मी बाबांकडे पाहिलं. आता ते बोलतील, असं वाटलं. ते बोललेही. ‘‘सर, लड़के की फ़ेलोशिप का सवाल है। इसमें इसका नाम आया तो रिन्यू नहीं होगी। उन लोगों को लिख दें कि बाहर की एक स्टूडेंट का प्रोग्राम था, उससे ग़लती हुई, आगे नहीं होगी। पता तो वैसे भी इसी का है।’’ साहेबांनी चष्मा काढला. ते जुन्या लखनौचे, अदबीचे गृहस्थ होते. म्हणाले, ‘‘वो तो लिख देंगे। पर खोडके साहब, जब प्रोग्राम बिटिया का है, तो पेपर में इनका नाम क्यों नहीं है? प्रूफ़ आए हुए हैं न? जोड़ दीजिए।’’ एवढं सोपं होतं ते. बाबा म्हणाले, ‘‘नहीं सर। घर की बच्ची है, ठीक नहीं लगता। और फिर ये तो मशीन से पूछने भर का काम है। इसमें साइंस कहाँ है।’’ साहेब प्रमुखांना म्हणाले, ‘‘ऐसे उसूल वाले लोग अब कहाँ मिलते हैं।’’ बाबांनी मान खाली घातली. संकोचाने, कौतुक ऐकताना घालतात तशी. त्या क्षणी मला त्यांचा जो तिरस्कार वाटला तो पुढे कमी-जास्त होत राहिला, पण गेला नाही. आज ते ऐंशीच्या घरात आहेत, त्यांची औषधं मीच पाठवते, आणि तरी गेलेला नाही.

परत येताना स्कूटरवर मी विचारलं, ‘‘बाबा, विवेकने केलं आणि माझं नाव का?’’ सिग्नलला थांबल्यावर त्यांनी मान अर्धी वळवली. आवाज मऊ होता, मला समजावून सांगत होते. ‘‘अगं, तो परक्याचा मुलगा. त्याचं वाटोळं झालं तर त्याच्या आईबापाला मी काय तोंड दाखवू? तू घरची आहेस. तुझं काय बिघडणार आहे?’’ त्यांना खरंच तसं वाटत होतं. हिरवा दिवा लागला आणि आम्ही निघालो. पुण्याच्या मुलाखतीत मला पुढे विचारलं, काही प्रकाशित काम? मी नाही म्हटलं. त्यांनी पुढच्या मुलीला बोलावलं.

आई जिन्याच्या तोंडाशीच उभी होती. आम्ही वर येईपर्यंत तिला धीर धरवला नव्हता. ‘‘काय झालं?’’ बाबांनी चप्पल काढता काढता सांगितलं, ‘‘काही नाही. साहेबांसमोर सांगितलं मी, प्रोग्राम हिचाच आहे म्हणून.’’ बाबा आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत. आईने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. तिचे डोळे भरून आले होते. ‘‘सांगितलंत ना शेवटी! मी म्हणतच होते, हे नाही ठेवायचे पोरीचं नाव लपवून.’’ ती तशीच आत गेली आणि रवा भाजायला घेतला. जास्त तूप घातलं, दिवाळीसाठी जपलेले बेदाणे काढले, आणि खाली वर्मा आंटींना जिन्यातून ओरडून सांगितलं, ‘‘आंटी, हमारी रूपा का नाम छप रहा है!’’ मी बाबांकडे पाहत होते. आता तरी ते सांगतील, म्हणतील की अगं तसं नाही. ते हातपाय धुऊन पाटावर येऊन बसले. आईने पहिली वाटी माझ्यापुढे ठेवली आणि बाबांना म्हणाली, ‘‘आज आधी तिला.’’ मी एक घास खाल्ला. आई माझ्या तोंडाकडे बघत उभी होती, म्हणून दुसरा खाल्ला. शिरा छान झाला होता. बाबांनी मागून आणखी घेतला.